धुतलेल्या पायांचा गुरुवार

आमच्या घरात नवं वर्ष भरताच्या वांग्यांबरोबर यायचं. गिरणाकाठी थंडी उतरली, बाजारात ती मोठी, फिकट हिरवी वांगी दिसू लागली आणि आई अंगणात कापसाच्या काड्या पेटवून ती भाजायला बसली की दादा म्हणायचे, चला, आगमनकाळ लागला. मंडळीचं, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं, उपासनेचं वर्ष नाताळाच्या आधीच्या चार रविवारांपासून सुरू होतं, हे मला शास्त्रापेक्षा त्या धुराच्या वासावरून आधी कळलं. आजही इथे देवपूरला, माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, गॅसवर जाळी ठेवून वांगं भाजताना मी एकटीच एखादं आगमनाचं गीत गुणगुणते. सून म्हणते, आई, खिडकी उघडा आधी.

दादा म्हणजे माझे वडील. धुळ्यात बरीच वर्षं मास्तरकी केल्यावर, केस पांढरे व्हायला लागले तेव्हा त्यांना पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, व्हायचं सुचलं, आणि पहिली मंडळी मिळाली ती भडगावच्या पलीकडच्या एका गावात. कौलारू प्रार्थनामंदिर, त्याला लागून आमच्या दोन खोल्या, आणि मध्ये कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तीच आमची घंटा. ती बडवायचं काम माझं होतं आणि मी ते मन लावून करायचे, कारण तो रूळ आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होता आणि पहिल्या ठोक्याला तिच्या हातातलं काहीतरी हमखास पडायचं. आई शिरपूरच्या वरच्या अंगाची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. दादा तिच्याशी शाळेतलं मराठी बोलायचे, ती त्यांना अहिराणीत उत्तर द्यायची, आणि दोघांना वाटायचं की आपण समोरच्याला हळूहळू सुधारतो आहोत.

दादांचा एक नियम होता. रात्रीचं जेवण झालं, ताटं उचलायच्या आधी, ते विचारायचे, "आज शास्त्र कुठे दिसलं?" त्या दिवसांत उपासनेला जो शास्त्रभाग असेल तो गल्लीत, विहिरीवर, बाजारात कुठे भेटला ते सांगायचं. पुस्तकातलं काही सांगितलेलं चालायचं नाही. मी अकरावीत होते, मला या प्रश्नाचा भारी कंटाळा यायचा. मी म्हणायचे, नाही दिसलं. ते म्हणायचे, मग उद्या जरा डोळे उघडे ठेव. आई मात्र काहीतरी सांगायची, तेही खरकटं गोळा करता करता. आगमनकाळात शेजारच्या पाटलांची गाय व्यायला झाली होती. आई म्हणाली, वाट पाहणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, पाटलीणबाईंनी आठ दिवसांपासून गूळ, कोमट पाणी, जुनी गोधडी सगळं काढून ठेवलंय, आणि दर तासाला जाऊन गायीच्या पाठीवरून हात फिरवतात त्या. झालं. त्या रविवारी दादांनी ती गाय थेट व्यासपीठावर नेली. आई घरी येऊन दोन दिवस फणफणत होती की घरातलं बोलणं असं चारचौघांत काढायचं नाही. पाटलीणबाई मात्र खूश. नाताळच्या करंज्या द्यायला मी गेले तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं आणि आमच्या गायीबद्दल तुमच्या देवळात नेमकं काय सांगितलं ते पुन्हा दोनदा ऐकलं.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे मंडळीतल्या सगळ्यांत थोर बाई. नवरा लवकर गेला तशा त्या माहेरी परतल्या आणि वडिलांच्या शेताचा अर्धा भाग स्वतः कसू लागल्या. उरलेला अर्धा त्यांच्या धाकट्या भावाचा, शांतवननानांचा. दोघांच्या केळीच्या बागा एकाच बांधाच्या दोन बाजूंना. नाना मंडळीचे वडीलजन, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक, हसरे, गप्पिष्ट, आणि दर वर्षी हंगामाच्या सणाला लिलाव करायचे ते. हा सण आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे होतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते तो देवापुढे आणून ठेवतो, ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबडी, तुपाची बरणी, आणि उपासना झाल्यावर अंगणात त्यांचा लिलाव होतो. लिलावात मस्करी चालते. नाना भोपळ्याला पाटलांच्या जावयाचं नाव देतात, कोंबडीला म्हणतात ही गाणाऱ्या कुटुंबातली आहे. त्या वर्षी अक्कांनी केळीचा एक घड आणला. तो घड इतका देखणा होता की दोघांना उचलावा लागला. आणि नाना, नेहमीच्या भरात, सगळ्यांसमोर म्हणाले की एवढा घड अक्काच्या बागेतला नव्हे, हा सावद्याच्या बाजारातून विकत आणलेला दिसतो.

सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. ज्या बाईने भर उन्हाळ्यात हंडे वाहून ती केळी जगवली होती, तिच्या अर्पणाला सख्ख्या भावाने बाजारचा माल म्हटलं होतं, तेही देवाच्या दारात. त्या डोक्यावरचा पदर नीट करून निघून गेल्या आणि त्या दिवसापासून नानांशी बोलायच्या बंद झाल्या. नानांचं म्हणणं, मस्करी केली, त्यात काय एवढं. मस्करीची माफी मागितली तर पुढच्या वर्षी लिलाव कसा करायचा. दोघेही रविवारी यायचे, नाना पुढच्या बाकावर, अक्का दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, आणि मध्ये बसून मंडळी गीतं म्हणायची.

हे सगळं एरवी कोणी मनावर घेतलं नसतं, पण अक्का शास्त्र शब्दाला शब्द धरून पाळणाऱ्या होत्या. ज्याचं भावाशी बिनसलं आहे त्याने अर्पण वेदीजवळ तसंच ठेवून आधी समेट करून यावा, असं लिहिलेलं आहे ना, मग त्या प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून वाटतात ती भाकर आणि रस, घेईनात. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट उचललं की त्या उठून बाहेर जायच्या, कडुलिंबाखाली उभ्या राहायच्या आणि शेवटच्या गीताला परत आत यायच्या. दादा त्यांच्याकडे गेले, नानांकडे गेले, पुन्हा अक्कांकडे गेले. चहा दोन्हीकडे मिळाला, बाकी काही मिळालं नाही. मग एके रात्री जेवताना दादा म्हणाले की अक्का जोवर जेवत नाहीत तोवर मीही भाकर घेणार नाही. सगळ्यांना देईन, स्वतः घेणार नाही. मेंढपाळाचं पोट भरलेलं आणि मेंढरू झाडाखाली, हे मला जमायचं नाही.

आई ताटावरून उठली. "तुमी उपाशी ऱ्हाइसन कोनं पोट भरनार शे?" तिचा प्रश्न बरोबर होता. पण दादा एकदा बोलले की बोलले. दर महिन्याला आई पहाटे उठून बिनखमिराची गव्हाची पोळी भाजायची, आदल्या दिवशी भिजवलेल्या काळ्या मनुकांचा रस गाळायची, आणि दादा शेवटच्या माणसाला भाकर देऊन झाली की उरलेल्या तुकड्यांवर पांढरं फडकं टाकायचे. पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा सगळ्या गावाला कळलं. अक्कांना कळलं तेव्हा त्या आईला म्हणाल्या, पाळकसाहेबांनी असं करू नये, पाप मला लागेल. नाना म्हणाले, पाळकसाहेब माझ्यावर दाब आणतात. म्हणजे रुसलेले दोन होते, ते आता तीन झाले.

माझा या प्रकरणाशी संबंध आला तो माझ्या दृढीकरणामुळे. त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी मला मंडळीत घेणार होते आणि त्याच संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होते. लहानपणापासून ते ताट माझ्या नाकासमोरून पुढे जात होतं. मला त्या क्षणाची इतकी ओढ होती की मनुकांचा रस चोरून चाखायचंही मी कधीच सोडून दिलं होतं. आणि माझ्या मनातलं चित्र एकच होतं, दादा मला भाकर देतील आणि आम्ही दोघं एकदम खाऊ. आता ते चित्र मोडलं होतं. मी धीर करून विचारलं, "दादा, माझ्या दिवशी तरी घ्याल ना?"

 दादा म्हणाले, "तुझ्याच दिवशी खोटं कसं जेवू, करुणा?" मी तिथून उठून मागच्या दाराशी जाऊन रडले. मला अक्कांचा राग आला, नानांचा आला, आणि त्या केळीच्या घडाचा तर फारच आला.

मग लेंतकाळ लागला. उपवासाचे चाळीस दिवस आणि खानदेशातले बिबडे घालायचे दिवस एकाच वेळी यावेत, यात देवाचा काहीतरी विनोद असावा असं मला अजून वाटतं. गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात जमायच्या. मोठ्या पातेल्यात ज्वारीच्या पिठाचा घाटा रटरटायचा, लसूण, तीळ, मिरची घातलेला, आणि त्याचा वास प्रार्थनामंदिरात जाऊन बसायचा. ओल्या फडक्यावर बिबडे थापायचे, खाटांवर वाळत टाकायचे, आणि शेळ्यांना हाकलायला मी हातात काठी घेऊन सावलीत बसायचे. दादांनी त्या वर्षी दिवसा काही न खाण्याचं ठरवलं होतं. येशूच्या रानातल्या परीक्षेवर, त्याला दगडांच्या भाकरी कर म्हणणाऱ्या सैतानावर त्यांचा उपदेश तयार होत होता, आणि तो पाठ करत ते त्या खाटांमधून येरझाऱ्या घालत होते. त्या रात्री त्यांनी आम्हाला प्रश्न विचारलाच नाही. स्वतःच खाली मान घालून म्हणाले, आज शास्त्र मला आपल्या अंगणात दिसलं आणि मी हरलो, अर्धा ओला बिबडा खाल्ला. आई म्हणाली, अर्धा नाही, दोन. मी इतकी हसले की पाण्याचा घोट नाकात गेला.

पण त्याच रात्री त्यांनी एक बेत सांगितला. गुरुवारी, प्रभुभोजनाच्या आधी, ते मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुणार होते, शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे धुतले तसे. आमच्या मंडळीत असं कधी झालं नव्हतं. गावभर खळबळ उडाली. पाळकसाहेब आपल्या पायांना हात लावणार, म्हणजे करायचं काय? कोणी म्हणे बरोबर नाही, कोणी म्हणे लिहिलेलंच आहे. नाना वडीलजन, त्यांचं नाव बारांत होतंच. आई अक्कांना विचारायला गेली, त्या म्हणाल्या, मी पोरीच्या दृढीकरणाला येईन, मागे बसेन, पायबिय काही नको.

गुरुवारी दुपारपासून गाव पाय धूत होतं. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. मी पाय धुण्यासाठीचं पाणी घागरीतून मंदिरात नेत होते तेव्हा प्रत्येक ओट्यावर कोणीतरी वज्रीने टाचा घासत बसलेलं होतं. पाळकसाहेबांच्या हाताला आपली घाण लागू नये, एवढाच त्यातला भाव. शिंप्याच्या सुनेने नखं रंगवली. म्हाताऱ्या दाविदआबांनी पायाला खोबरेल लावलं. नानांनी तर दुपारी जेवण झाल्याबरोबर पाय घासून, पुसून, मुलाचे नवे बूट घातले आणि पाय मळू नयेत म्हणून उन्हातच मंदिरात येऊन बाकावर बसले. तीनच्या सुमाराला आभाळ पिवळं झालं आणि वारा सुटला. कौलं खडखडली, रुळाची घंटा आपोआप वाजू लागली. एप्रिलच्या वाऱ्यात घड धरलेल्या केळीचं काय होतं ते तिथल्या पोरालाही ठाऊक, टेकू नसेल तर ती भाराने आडवी होते. नाना दोनदा दारापर्यंत गेले, बाहेर पाहिलं, खाली बुटांकडे पाहिलं आणि परत येऊन बसले. म्हणाले, देवाच्या मनात असेल तसं.

संध्याकाळी वारा पडला. उपासना सुरू झाली, माझं दृढीकरण झालं, मला त्यातलं फारसं काही आठवत नाही, कारण मी सारखी मागच्या बाकाकडे बघत होते. तो रिकामा होता. अक्का आल्याच नव्हत्या. मग दादांनी अंगावरचा झगा काढून ठेवला, कमरेला पंचा गुंडाळला आणि पितळी घमेलं घेऊन पहिल्या बाकापाशी गुडघे टेकले. मी घागर घेऊन मागे. एकाचे पाय झाले, दुसऱ्याचे झाले, आणि घमेल्यातलं पाणी जसंच्या तसं. दाविदआबांचे पाय धुतल्यावर त्यावर तेवढा खोबरेलाचा तवंग आला. शेवटी नानांनी बूट काढले आणि त्यांच्या मोज्यांतून अत्तराचा वास दरवळला, तेव्हा दादा टाचांवर बसले आणि म्हणाले, "मंडळी, तुम्ही मला काही कामच ठेवलं नाहीत." सगळे हसले, दादाही हसले, पण मी जवळ होते, त्यांचा चेहरा मी पाहिला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते असं स्वच्छ पाण्यात वाहून चाललं होतं.

आणि दारात अक्का उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, केस सुटलेले, आणि पाय पोटऱ्यांपर्यंत काळ्या चिखलाने माखलेले. भिजवलेल्या बागेतून आलेला माणूस लगेच कळतो. त्या पटकन शेवटच्या बाकावर बसल्या आणि पाय मागे ओढून लुगड्याखाली लपवू लागल्या. दादा घमेलं उचलून सरळ मागे गेले. मी घागरीसकट त्यांच्या मागे धावले.

"नको पाळकसाहेब," अक्का म्हणाल्या. "मना पायले हात लावू नका."

येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही असंच म्हणाला होता, पण दादांनी त्या वेळी शास्त्र काढलं नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "एवढा चिखल कुठला, अक्का?"

 अक्कांनी हनुवटीनेच पुढच्या बाकाकडे दाखवलं. "हाऊ चिखल याना वावरना शे." आणि एकदा तोंड उघडलं तसं इतक्या महिन्यांचं सगळं त्या वाटेने बाहेर आलं. वारा सुटला तेव्हा त्या आपल्या बागेत होत्या. आपल्या केळीला टेकू लावून झाले, बांधापलीकडे पाहिलं तर नानांच्या केळी घडांच्या भाराने कललेल्या आणि बागेत चिटपाखरू नाही. मग बांध ओलांडला. जेवढे बांबू होते तेवढे लावले, बांबू संपले तेव्हा लुगड्याच्या चिंध्यांनी एकीला दुसरीशी बांधलं. शेवटी त्या नानांकडे बघून, या साऱ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना उद्देशून म्हणाल्या, "तू आठे पाय धोइसन बसना, आन तठे तुन्ही केळी आडवी व्हई ऱ्हायनी व्हती."

 नाना अनवाणी उठले आणि बाकांच्या मधून चालत आले. दादांच्या हातातलं घमेलं त्यांनी घेतलं. दादांनी ते दिलं आणि कमरेचा पंचाही सोडून दिला. नाना जमिनीवर बसले, फतकल मारूनच बसले, गुडघे टेकायचं वगैरे त्यांना सुचलं नाही, आणि बहिणीचा पाय हातात धरून चिखल सोडवू लागले. ती काळी माती सहज सुटत नाही. मी पाणी ओतत होते, घमेलं दोनदा भरलं, दोनदा आईने बाहेर नेऊन रिकामं केलं. नानांच्या बाह्या, धोतर, ते घासलेले पाय, सगळं काळं झालं. आणि दुसरा पाय धुताना, वर न बघता, ते म्हणाले, "घड तुनाच व्हता, अक्का. मी येडानामायक बोलनू."

"हाई तवय सांगाले काय व्हयनं व्हतं?" अक्का म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. नाना रडत होतेच. दाविदआबांनी, कोणी न सांगता, गीत धरलं, तेही चुकीच्या पट्टीत, आणि सगळी मंडळी त्याच पट्टीत त्यांच्या मागे गेली.

हल्ली रोज सकाळी माझ्या मोबाइलवर मंडळीच्या ग्रुपमधून फुलांच्या चित्रावर लिहिलेलं एक वचन येतं. छान असतं. मी हात जोडल्याची खूण पाठवते. पण त्या संध्याकाळी मला शास्त्र दिसलं ते दिसलं, आणि ते दिसावं म्हणून कोणी मला विचारायचीही गरज पडली नाही.

अक्का त्या दिवशी पुढच्या बाकावर बसल्या, भावाच्या शेजारी. दादांनी पुन्हा झगा चढवला, भाकर मोडली, आणि ताट घेऊन फिरू लागले. अक्कांनी दोन्ही हात पुढे केले. नानांनी केले, त्यांच्या नखांत अजून माती होती. सगळ्यांत शेवटी दादा माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्या तळहातावर तुकडा ठेवला. मी तो तसाच धरून बसले. त्यांनी डोळ्यांनी खूण केली, खा. मी मान हलवली, आधी तुम्ही. दादांनी ताटातला एक तुकडा उचलला, तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिले. मग मी माझा खाल्ला. पुढची प्रार्थना त्यांनी म्हणायची होती, ती म्हणायची ते विसरून गेले होते. सगळी मंडळी उभी होती, आणि कोणीही त्यांना घाई केली नाही.